ओमानच्या सहलीतून वगळलेला ओमान

मराठी कुटुंबाच्या परदेश सहलीचा कार्यक्रम नीट वाचला, तर तिथे काय बघायचंय यापेक्षा कोणाला भेटायचं नाही हेच त्यात जास्त स्पष्ट दिसतं. देश मुसलमानांचा असेल आणि त्यात वाळवंट असेल तर फारच. येत्या डिसेंबरात आमच्या नात्यातले चौदा जण ओमानला जायचं घाटतंय, आणि आखणीचं काम माझ्या गळ्यात पडलंय. त्यामुळे गेले दोन महिने मी असे कार्यक्रम ढिगाने वाचतेय. सगळे एकमेकांचे जुळे भाऊ. पहिल्या दिवशी मस्कत: मोठी मशीद, बाहेरून राजवाडा, मत्राचा बाजार. मग समुद्रात डॉल्फिन. मग वाळवंटात गाड्या उडवणं, तंबूत मुक्काम आणि ‘अरेबियन नाइट’. शेवटी मॉल. आणि प्रत्येक दिवसाच्या खाली ठळक अक्षरात : रात्री भारतीय जेवण.

या पाच दिवसांत एकही ओमानी माणूस नाही. ड्रायव्हर आहे, तोही बहुतेक केरळचा.

यावर कंपन्यांचं उत्तर तयार असतं : लोकांना हेच हवं असतं. खोटं नाही ते. आमच्याच व्हॉट्सअ‍ॅप गटावर पहिला प्रश्न आला, ‘सेफ आहे ना?’ दुसरा, ‘कांदा-लसूण नसलेलं मिळेल का?’ तिसरा प्रश्न माझ्या चुलतदिरांनी फोनवर विचारला. लेखी विचारण्यासारखा नव्हताच तो. ‘वहिनी, त्या लोकांच्या देशात आपले पैसे कशाला घालायचे?’

पैशांचंच बोलायचं तर बोलू. १९७० सालापर्यंत ओमानात आपला रुपया चालत होता. आखातासाठी रिझर्व्ह बँकेने १९५९ साली वेगळ्या नोटा काढल्या. इतर देशांनी पुढच्या काही वर्षांत त्या सोडल्या, ओमानने सगळ्यात शेवटी. आजही तिथल्या रियालचे हजार भाग होतात आणि त्या भागाला म्हणतात बैसा, म्हणजे आपला पैसा. सुलतान कबूस यांचे आजोबा, सुलतान तैमूर बिन फैसल, १९३२ साली गादी सोडल्यानंतर मुंबईत राहिले आणि १९६५ साली मुंबईतच वारले. मस्कतमध्ये मोतीश्वराचं जुनं देऊळ आहे. कनकसी खिमजी या कच्छी व्यापाऱ्याला तिथल्या सुलतानाने ‘शेख’ ही पदवी दिली, तीही त्यांना हिंदूच राहू देऊन. दिरांना इतिहासाची आवड आहे, वसईच्या किल्ल्यावर ते दरवर्षी जातात. चिमाजीअप्पांनी १७३९ साली वसई घेतली. त्याच पोर्तुगीजांना ओमानी लोकांनी मस्कतमधून हाकललं १६५० साली, म्हणजे ८९ वर्षं आधी. मस्कत बंदराचे जलाली आणि मिरानी किल्ले पोर्तुगीजांनी बांधले तेव्हा तिथला कारभार गोव्याहून चालत असे. ‘ते लोक’ म्हणताना कोणत्या लोकांबद्दल बोलतोय हे निदान माहीत असावं.

‘सेफ’चा प्रश्न मात्र रास्त आहे, त्याची टिंगल करणार नाही. जुलै २०२४ मध्ये मस्कतच्या वादी कबीर भागात शिया मशिदीवर हल्ला झाला, इस्लामिक स्टेटने त्याची जबाबदारी घेतली. मेलेल्यांत पाकिस्तानी होते, एक भारतीय होता, एक ओमानी पोलीस होता. म्हणजे मारले गेले ते बहुतेक नमाजाला आलेले मजूर-नोकरदार, पर्यटक नव्हेत. पण त्याच वर्षी एप्रिलमध्ये आलेल्या पुरात शाळेची मुलं गाडीसकट वाहून गेली, त्याबद्दल आमच्या गटावर कोणीही विचारलं नाही. ओमानात पर्यटकाने ज्याला खरंच घाबरायला हवं ते पाणी आहे. वादी म्हणजे कोरडी नदी. डोंगरात कुठेतरी पाऊस पडतो आणि तुमच्या डोक्यावर निरभ्र आकाश असताना पाण्याची भिंत खाली येते. कार्यक्रमात ‘वादीत पोहणे’ असं लिहिलेलं असतं. हवामानाचा इशारा असेल तर तो दिवस रद्द, ही ओळ कुठल्याच कागदावर मला सापडली नाही. दाढीवाल्याची भीती वाटणं आणि ढगाची न वाटणं, यालाच मी आखणीतला पूर्वग्रह म्हणते.

पाण्यावर आलोच आहोत तर इथे जरा थांबू या. कारण वाळवंट म्हणजे रिकामी जागा, ही या सगळ्या कार्यक्रमांमागची सर्वांत मोठी थाप आहे.

ओमानच्या आतल्या डोंगराळ भागात फलज नावाची व्यवस्था आहे. डोंगराच्या पायथ्याशी भूजल शोधायचं, तिथून जमिनीखालून अगदी बारीक उताराचा बोगदा खणत आणायचा, आणि गावाशी पाणी उघड्या पाटात काढायचं. पंप नाही, वीज नाही. असे तीन हजारांहून जास्त फलज आजही वाहतात. त्यांतले पाच २००६ साली जागतिक वारशाच्या यादीत गेले. पाणी पाटात आलं की क्रम ठरलेला : आधी पिण्याचं, मग मशिदीत वजूसाठी, अंघोळी-धुण्याचं, आणि शेवटी खजुराच्या बागा. बागांची वाटणी लिटरांत होत नाही, वेळेत होते. साधारण अर्ध्या तासाचं एक माप, त्याला अथर म्हणतात. दिवसा जमिनीत रोवलेल्या काठीची सावली बघून आणि रात्री ठरावीक तारे उगवताना बघून कोणाची पाळी संपली ते ठरत असे. हे हिस्से वारशाने मिळतात, विकले जातात, भाड्याने दिले जातात, काही मशिदीच्या नावाने राखलेले असतात. त्यांचा हिशेब ठेवणारा माणूस गावाने नेमलेला असतो.

निझव्याजवळचा फलज दारिस हा यांतला एक मोठा फलज. दोन-तीन कार्यक्रमांत तो होता : ‘फोटो स्टॉप, १५ मिनिटे’. पंधरा मिनिटांत पाट दिसेल, पाय बुडवता येतील. पाण्याची पाळी दिसणार नाही. खरं तर हे कळायला मराठी माणसाला इतरांपेक्षा कमी वेळ लागायला हवा. धुळ्याकडे पांझरेवर फड पद्धतीने पाणी वाटून घेणारी गावं आपल्याकडे होती. १७व्या शतकात मलिक अंबरने खडकीत, म्हणजे औरंगाबादेत, आताच्या छत्रपती संभाजीनगरात, डोंगरातलं पाणी जमिनीखालून शहरात आणलं ते याच घराण्यातल्या तंत्राने. ती नहर आपण पार बुजू दिली, तो वेगळा संताप. पण बाराशे किलोमीटरपेक्षा लांब जाऊन तेच तंत्र जिवंत बघायचं आणि त्याला पंधरा मिनिटं द्यायची? मॉलला तीन तास आहेत.

हीच गत धर्माची. कार्यक्रमात मशीद ही वास्तू म्हणून चालते. संगमरवर, झुंबर, भारतातून नेलेला वालुकाश्म, इराणात विणलेला गालिचा, बायकांनी डोकं झाकावं, सकाळी ८ ते ११. बाहेर पडलं की मात्र इस्लाम ही अडचण होते. ‘शुक्रवारी सगळं बंद असतं, तो दिवस प्रवासात घालवा.’ ‘नमाजाच्या वेळी दुकानदार गायब होतात.’ म्हणजे ज्या घड्याळावर तो देश चालतो तेच घड्याळ आम्ही गैरसोयीच्या रकान्यात टाकतो. रमजानात दिवसा बाहेर खातापिता येत नाही, म्हणून सत्तरीच्या सासूबाईंना घेऊन तेव्हा जाणार नाही, हा साधा व्यवहार झाला. पण त्याला ‘ऑफ सीझन’ म्हणणं म्हणजे पुण्यातल्या गणपतीच्या दहा दिवसांना रस्ते बंदचा काळ म्हणण्यासारखं आहे. (काही पुणेकर म्हणतात, ते सोडा.)

आणि इस्लाम म्हणजे तरी कोणता? ओमानात मोठा समाज इबादी आहे; सुन्नी नाही, शियाही नाही. इमाम जाणत्यांनी निवडावा, तो नालायक ठरला तर काढावा, ही त्यांची जुनी परंपरा, आणि निझवा हे त्या इमामांचं गाव. एकाही माहितीपत्रकात इबादी हा शब्द नाही. निझव्याचा किल्ला आहे, त्याच्या बुरुजावरून सेल्फी आहे.

आता दुसऱ्या बाजूचा वार. माझा भाचा समाजशास्त्र शिकतो. तो म्हणाला, ‘मावशी, सुलतानाचं राज्य, प्रायोजकाच्या मुठीत अडकलेले कामगार, गुलामगिरी १९७० पर्यंत. आणि तू तिथल्या पाटांचं कौतुक करणार?’ त्याचे सगळे मुद्दे खरे आहेत. उलट माझी तक्रार अशी की हे मुद्देही कार्यक्रमात नाहीत. निझव्यापासून जवळच तनूफ नावाचं मातीच्या घरांचं पडकं गाव आहे. १९५०च्या दशकात इमामाच्या बाजूच्या बंडात ब्रिटिश विमानांनी सुलतानाच्या वतीने त्यावर बाँब टाकले. माहितीपत्रकात ते ‘प्राचीन अवशेष’ होतं. जोखा अल-हारसी या ओमानी लेखिकेच्या कादंबरीला २०१९ साली आंतरराष्ट्रीय बुकर मिळालं, तिच्यात गुलामांच्या घरातली माणसंही आहेत. मी ती चौदा जणांच्या वाचनाला लावलीय, दोघांनी सुरू केलीय. आणि कामगार तर आपलेच. देशाच्या सुमारे ५० लाख लोकसंख्येत चाळीस टक्क्यांहून जास्त परदेशी, त्यात भारतीय लाखोंनी. जून ते ऑगस्ट भर दुपारी उघड्यावर काम करून घ्यायला कायद्याने बंदी आहे, यावरूनच तिथल्या दुपारची कल्पना यावी. भाच्याचं म्हणणं आहे की जाऊच नये. पण न जाऊन त्या मजुराचं काय भलं होणार, ते त्याने अजून सांगितलेलं नाही. घरी बसून स्वच्छ राहणं फार सोपं आहे.

गाड्या उडवण्याबद्दल एकच सांगते. ओमानातलं अरबी ओरिक्सचं अभयारण्य २००७ साली जागतिक वारशाच्या यादीतून काढलं गेलं, कारण सरकारनेच ते नव्वद टक्के आकसवलं. यादीतून काढलेली जगातली ती पहिली जागा. वाळवंटात काहीच नाही, हे आधी कोणीतरी ठरवावं लागतं. मग टायर कुठेही फिरवता येतात.

तर माझा कार्यक्रम असा. मस्कतमध्ये एकच रात्र. बुधवारी सकाळी इब्र्यात असायचं, कारण तिथे त्या दिवशी बायकांचा बाजार भरतो. विकणाऱ्या बायका, घेणाऱ्या बायका. आमच्यातल्या पुरुषांनी बाहेर कहवा प्यावा. ती रात्र बिदियाच्या वाळूच्या कडेला, नाच नसलेल्या मुक्कामावर. (मुक्काम, मजल, हिशेब, तारीख : सहल आखायला लागणारे हे शब्द आपण अरबीतूनच घेतलेत. दिरांना अजून सांगितलेलं नाही.) गुरुवारी दुपारी निझवा, संध्याकाळी फलज दारिसवर दीड तास, आणि पाटाचा हिशेब जाणणाऱ्या एका म्हाताऱ्यांशी बोलणं ठरवायची खटपट चालू आहे. दुभाषी मिळालाय. भारतीय जेवण दोन रात्री, उरलेल्या तीन रात्री भात, मसूर, दही, खजूर, रोटी. शाकाहारी उपाशी राहत नाहीत, हे मी सासूबाईंना पदार्थवार लिहून दिलंय.

शुक्रवार मात्र सोडणार नाही. निझव्याचा बकऱ्यांचा बाजार शुक्रवारीच असतो, भल्या पहाटेपासून. लोक गोल करून उभे राहतात, मधून बकऱ्या फिरवत भाव ओरडले जातात, आणि जुम्म्याच्या नमाजाच्या कितीतरी आधी सगळं आवरलेलं असतं. साडेसहाला तिथे पोचायचं म्हणजे चौदा जणांनी साडेपाचला उठायचं. गटावर यावर सध्या मतदान चालू आहे. नऊ विरुद्ध पाच, आणि माझ्या विरोधातल्या पाचांत नवरा आहे.