वावड्याचा रकाना



सातबारा, पासबुक, बियाण्याची पावती आपण एका पिशवीत जपून ठेवतो. दवाखान्याचा केसपेपर मात्र आठ दिवसांत चुलीत जातो.

आमच्या एका कार्यकर्त्याच्या आईला तापात इंजेक्शन दिले. अंगभर गांध्या उठल्या, ओठ सुजले, दम लागला. डॉक्टरांनी जीव वाचवला, पण कागदावर लिहिले एवढेच, 'इंजेक्शनची रिअ‍ॅक्शन'. कोणते? किती वेळाने? पुढे पायाची जखम चिघळली तेव्हा नव्या डॉक्टरांना म्हातारी सांगे, "पांढऱ्या औषधाचं झालं व्हतं." त्यांनी तरी काय समजावे?

पेनिसिलिन देशात व्हावे म्हणून 1954 साली पिंपरीला सरकारी कारखाना निघाला. अ‍ॅम्पिसिलिन, अ‍ॅमॉक्सिसिलिन ही त्याचीच भावकी. पाकिटावरची नावे शंभर, कूळ एक. एकाचे वावडे असले तर दुसऱ्याचेही असू शकते.

आता उलटी बाजू. कर्ज फिटले तरी सातबाऱ्यावरचा बोजा उतरत नाही, हे आपल्याला कोणी शिकवायला नको. गोळीने नुसती मळमळ झाली तरी 'पेनिसिलिनची अ‍ॅलर्जी' असा शेरा पडतो आणि जन्मभर राहतो. अमेरिकेत दहांतल्या एका रोग्याच्या कागदावर हा शेरा आहे. तपासले तर त्यांतल्या दहांपैकी नवांना पेनिसिलिन चालते. तोवर स्वस्त औषध सोडून महागडे पदरी पडते. सांधेतापाने हृदयाची झडप बिघडलेल्या पोराला तर तीन-चार आठवड्यांनी पेनिसिलिनचेच इंजेक्शन लागते. मात्र घरी गोळी खाऊन पाहण्याचा उद्योग कोणी करू नये. हा बोजा डॉक्टरांसमोर, दवाखान्यातच उतरतो.

डॉक्टरांच्या दारातली रांग आम्हालाही दिसते. तरी औषधाचे मूळ नाव, तारीख, किती वेळाने काय झाले, उपचार कोणता, एवढ्या चार ओळी मागून घ्या. अंबड, घनसावंगी, मंठ्याची माणसे कोयता घेऊन ऊसतोडीला जातात. तिथल्या डॉक्टरला जालन्याचा कागद कुठून दिसणार? सरकारने 2021 साली आरोग्याचे डिजिटल खाते देशभर आणले. चांगले केले. पण आत नोंदच नसेल तर ते ज्वारी न भरलेले पेव.

रिअ‍ॅक्शनची खबर रोग्याला स्वतःही 1800-180-3024 या बिनपैशाच्या फोनवर देता येते.

केसपेपरवर वावड्याचा वेगळा रकाना छापावा, असे निवेदन आम्ही जिल्हा शल्यचिकित्सकांना देणार आहोत. बैठकीला येताना घरातल्या जुन्या चिठ्ठ्या सोबत आणा. काय लिहिले आहे आणि काय नाही, ते त्यांना दाखवायचे आहे.