जुन्या फटफटीची कसोटी

जुन्या वस्तूंचा मान राखावा, याविषयी आपल्या बडोद्यात दुमत नाही. तो कसा राखावा, याविषयी मात्र मतभेदास पुष्कळ जागा आहे. जानेवारी २०२३ मध्ये लक्ष्मीविलास राजवाड्याच्या आवारात जुन्या वाहनांचे प्रदर्शन भरले. तेथे झिलई, मूळ रंग आणि निगा यांचे कौतुक झाले, ते योग्यच होते. परंतु जुन्या यंत्राची पारख करण्याची आणखी एक रीत आहे, आणि माझ्या मते तीच अधिक खरी.

स्कॉटलंडच्या डोंगराळ मुलखात किनलॉखलेव्हन नावाचे लहानसे गाव आहे. तेथे १९८४ पासून एप्रिलच्या अखेरीस किंवा मे महिन्याच्या आरंभी १९६५ पूर्वीच्या मोटारसायकलींची 'ट्रायल', म्हणजे कसोटी, भरते. ही शर्यत नव्हे. येथे वेगाला मोल नाही. शेवाळलेले धोंडे, ओढ्याचे पात्र, झाडांची मुळे, उभा चढ असे टप्पे आखलेले असतात आणि स्वाराने पाय न टेकता ते पार करावयाचे असतात. पाय टेकला की एकापासून तीनपर्यंत दंडाचे गुण. टप्पा पुराच झाला नाही तर पाच. ज्याचे गुण सर्वांत कमी, तो विजयी. वाचकांनी शाळेतली स्लो सायकलची स्पर्धा आठवावी. मात्र मैदानाच्या जागी ओढा, आणि सायकलच्या जागी शंभर किलोंहून जड फटफटी!

१९६५ हीच मर्यादा का, यालाही कारण आहे. स्कॉटलंडचीच सहा दिवसांची जुनी व मानाची कसोटी सॅमी मिलर यांनी १९६४ मध्ये ५०० सी.सी.च्या ब्रिटिश एरियलवर जिंकली. पुढच्याच वर्षी त्यांनी तीच कसोटी बुल्टाको या स्पॅनिश गाडीवर जिंकली. ही नवी गाडी हलकी, टू-स्ट्रोक इंजिनाची होती. तिच्यापुढे जड ब्रिटिश गाड्यांचे दिवस भरले. त्या गाड्यांना बरोबरीच्यांत झुंजता यावे, म्हणून हा निराळा आखाडा.

पण आता त्या आखाड्यातच एक लबाडी शिरू पाहते. टाकीवर नाव जुने, आणि पोटात सारे नवे! हलक्या धातूची नवी चौकट, नवे काटे, नवी स्प्रिंग-व्यवस्था. काय चालावे आणि काय चालू नये, यावर तेथील शौकिनांत वर्षानुवर्षे वाद चालू आहे. नव्याचे कैवारी म्हणतात, मूळ भाग मिळत नाहीत आणि साठ वर्षांचे लोखंड दगडावर आपटून मोडते. हे खोटे नाही. टायर, साखळी, केबल, ब्रेकचे जोडे नवे घालावेतच. तंबोऱ्याच्या तारा बदलल्याने तंबोरा बदलत नाही. परंतु भोपळाही नवा, दांडीही नवी, आणि वर आजोबांचे नाव, हे मला मान्य नाही. अशाने वडिलांची गाडी स्वतःच्या हाताने जपणारा मनुष्य मागे पडतो आणि पैशाची थैली पुढे जाते. मग कसोटी कोणाची झाली?

हा दूरदेशचा वाद आपल्याला कशासाठी, असे कोणी विचारील. आपल्या वाड्यांच्या पडवीत आच्छादनाखाली उभी असलेली बुलेट याच कुळातली आहे, हे त्याला उत्तर. १९४८ मध्ये रॉयल एनफील्डने मागच्या चाकाला झुलता काटा बसवलेली बुलेट अशाच कसोट्यांत उतरवली. त्या काळी बहुतेक स्वारांचा विश्वास मागे स्प्रिंग नसलेल्या ताठ चौकटीवर होता. पुढे जॉनी ब्रिटन यांनी १९५२ आणि १९५७ मध्ये रॉयल एनफील्डवर स्वार होऊनच स्कॉटलंडची कसोटी जिंकली. आपल्या सैन्याने सीमेवरील गस्तीसाठी बुलेट निवडली आणि १९५५ मध्ये मद्रासला तिचा कारखाना निघाला. म्हणजे जिला आपण लग्नाच्या वरातीपुढे धडधडत नेतो, तिचे माहेर धोंड्यांनी भरलेला ओढा आहे!

म्हणून माझी सूचना साधी आहे. शहरातील शौकिनांनी वर्षातून एक दिवस गावाबाहेरच्या पडीक माळावर, मालकाच्या संमतीने, चार-सहा टप्पे आखावेत. विश्वामित्रीचा काठ मात्र वगळावा. तेथे मगरींचा हक्क आधीचा आहे. बक्षीस नारळाचे असले तरी चालेल, पण नियम कडक हवेत : इंजिन, चौकट व काटे मूळचे, आणि गाडी ज्याची त्यानेच ती चालवावी. ओरखडे पडतील, एखादे मडगार्ड चेपेल. पडू द्यावेत, चेपू द्यावे. घरातल्या जुन्या तांब्याच्या हंड्याला पोचे असतात, म्हणून त्याची किंमत कमी होत नाही. चार पिढ्यांनी त्यातून पाणी तापवले, याची ती खूण असते.