मनुष्याचें मोल कशांत?

गेल्या स्नेहसंमेलनांत वर्गाचें छायाचित्र काढतांना आमच्या हातून एक चूक घडली. नव्या पोशाखांतील मुलांस आम्हीं पुढच्या रांगेंत बसविलें. ज्याच्या सदऱ्यास ठिगळ होतें, त्या एकास मागें उभें केलें. तो कांहीं बोलला नाहीं. परंतु कार्यक्रम संपल्यावर खुर्च्या उचलावयास व पटांगण झाडावयास जे चारपांच जण थांबले, त्यांत तो होता. पुढच्या रांगेंतील एकही नव्हता. तेव्हांपासून आमच्या मनास हा प्रश्न टोंचत आहे कीं, आम्ही मुलांस शिकवितों तरी काय?

त्याच्या हातांतील खराटा पाहून आम्हांस गाडगेमहाराजांचें स्मरण झालें. १८७६ सालीं अमरावती जिल्ह्यांतील शेंडगांवीं एका परटाच्या घरीं त्यांचा जन्म झाला. अंगावर नाना रंगांच्या चिंध्या, जवळ खराटा व मातीचें गाडगें, एवढाच त्यांचा थाट. गांवांत शिरतांच ते रस्ते झाडूं लागत आणि रात्रीं कीर्तनांत लोकांस विचारते करीत. कर्ज काढून सण करूं नये, अस्पृश्यता पाळूं नये, पोटास चिमटा घेऊनही मुलांस शिकवावें, हा त्यांचा उपदेश. लोकांनीं दिलेल्या द्रव्यांतून पंढरपूर, नाशिक, देहू, आळंदी येथें धर्मशाळा उभ्या राहिल्या. स्वतःच्या सुखास मात्र त्यांनीं त्यांतील कांहींच लाविलें नाहीं. १९५६ सालीं त्यांनीं देह ठेविला. ज्यांनीं शाळेची पायरी चढली नाहीं, त्यांचें नांव आज अमरावतीच्या विद्यापीठास आहे.

कोणी विचारील, मग आम्हीं चिंध्या पांघराव्या काय? मुळींच नाहीं. नीटनेटका पोशाख हा दोष नव्हे आणि गलिच्छपणा हा सद्गुण नव्हे. महाराजांचा खराटाच त्यास साक्ष आहे. शिवाय साधेपणाचेंही प्रदर्शन मांडतां येतें, आणि तें श्रीमंतीच्या प्रदर्शनाहून कमी पोकळ नसतें. महाराजांची थोरवी चिंध्यांत नव्हती. स्वतःकरितां थोडें घेऊन उरलेलें सर्व दुसऱ्याच्या निवाऱ्यास लावण्यांत ती होती.

आईबापांस आमची एक विनंति आहे. शेजाऱ्याच्या मुलाकडे महागडा मोबाईल आहे म्हणून आपल्या मुलासाठीं कर्ज काढूं नका. तें प्रेम नव्हे. आपल्या मोलाचा निवाडा दुकानदाराच्या हातीं देण्याचा तो पहिला धडा होय. त्याऐवजीं सायंकाळीं मूल घरीं आलें म्हणजे एवढेंच विचारा: बाळ, आज तूं कोणाच्या उपयोगीं पडलास?

आणि आमच्याविषयीं म्हणाल, तर पुढील छायाचित्राच्या रांगा उंचीप्रमाणें लागतील. पटांगण झाडावयास मात्र सर्वांनीं थांबावें. त्या दिवशीं पहिला खराटा आम्ही उचलूं.