सत्कारांच्या शहरात ‘पार्टी’

नाटककार महेश एलकुंचवार यांचा जन्मदिन ९ ऑक्टोबरला असतो. यवतमाळ जिल्ह्यातल्या पारव्यात जन्मलेल्या आणि नागपुरात रमलेल्या या लेखकाला शुभेच्छा देताना ‘वाडा चिरेबंदी’ या नाटकाचा विषय निघणारच. ‘पार्टी’चाही निघावा. त्यांच्या याच नावाच्या नाटकावरून गोविंद निहलानी यांनी १९८४ मध्ये केलेला हिंदी चित्रपट चाळिशी उलटूनही स्वस्थ बसू देत नाही.

कथा एका रात्रीची. मुंबईत दमयंती राणे यांच्या घरी पुरस्कारप्राप्त नाटककार दिवाकर बर्वे यांच्यासाठी मेजवानी आहे. पेले भरतात, कौतुक होते, उणीदुणी निघतात आणि बोलणे फिरून फिरून अमृतवर येते. हा कवी साहित्यवर्तुळ सोडून आदिवासींच्या लढ्यात गेला आहे. शेवटी तो दिसतो तो रक्तबंबाळ. तोंड उघडतो, पण शब्द फुटत नाही. नसीरुद्दीन शाह यांचे ते काही क्षण साऱ्या रात्रीच्या चर्चेला निरुत्तर करतात. एलकुंचवारांची सुरुवातीची नाटके रंगभूमीवर आणणाऱ्या विजया मेहता इथे दमयंती झाल्या. बर्वे यांची जोडीदार मोहिनी हिच्या भूमिकेसाठी रोहिणी हट्टंगडी यांना राष्ट्रीय पुरस्कार मिळाला.

तरीही ‘पार्टी’ समांतर सिनेमाच्या मोजक्या प्रेक्षकांपुरतीच राहिली. मुंबईच्या उच्चभ्रू साहित्यिकांचे वस्त्रहरण म्हणून ती पाहणे सोयीचे होते. इतरांना स्वतःकडे वळून पाहावे लागत नव्हते. आज ती सोय उरलेली नाही. दूरच्या अन्यायावर मोबाइलवरून चार ओळी लिहून जेवायला बसणारे आपण सगळेच त्या दिवाणखान्यातले पाहुणे आहोत. नागपूरकरांना तर अन्याय दूरचा आहे असेही म्हणता येत नाही. शाल-श्रीफळाचे सभागृह आणि गडचिरोलीचे जंगल यांत इथे काही तासांचेच अंतर आहे.

याचा अर्थ प्रत्येक लेखकाने लेखणी टाकून जंगलात जावे असा नाही. एलकुंचवार स्वतः लिहीत राहिले. १९८५ मध्ये रंगभूमीवर आलेल्या ‘वाडा चिरेबंदी’त त्यांनी आपल्याच मातीतल्या कुटुंबाची पडझड निर्भीडपणे मांडली. अमृत होणे थोड्यांनाच जमेल. बर्वे होणे मात्र प्रत्येकाला टाळता येते.

म्हणूनच शताब्दी पार केलेल्या विदर्भ साहित्य संघाने आणि इथल्या महाविद्यालयांनी ‘पार्टी’ दाखवावी, मोकळी चर्चा ठेवावी. त्या दिवशी सत्कार, हारतुरे नकोत. पुरस्कारप्राप्त लेखकांनी श्रोत्यांत बसावे आणि तरुणांच्या प्रश्नांना उत्तरे द्यावीत.