मुलाखती पुरे झाल्या, हे कशावरून?

पीएचडीचा आराखडा समितीपुढे आला की प्रश्न ठरलेला : मुलाखती किती घेणार? विद्यार्थी ‘तीस’ म्हणतो, आराखडा मंजूर होतो. मार्क मेसन यांनी २०१० मध्ये ब्रिटन-आयर्लंडमधले ५६० गुणात्मक प्रबंध तपासले, तेव्हा दहाच्या पटीतले आकडे संशय यावा इतके सापडले. लोकांचे अनुभव काही दहाच्या पटीत संपत नाहीत.

तरी आकडा मागणाऱ्यांचेही खरे आहे. निधी, मुदत, नैतिक मंजुरी, सगळे त्यावर अडते. समाजशास्त्रज्ञ ग्लेझर आणि स्ट्रॉस यांनी १९६७ मध्ये दिलेली कसोटी, म्हणजे नवे काही हाती लागेनासे झाले की थांबा, आगाऊ कशी सांगणार? २००६ मध्ये गेस्ट आणि सहकाऱ्यांनी घाना-नायजेरियातल्या ६० मुलाखती तपासल्या. बहुतेक मुद्दे पहिल्या बारांतच आले होते. तेव्हापासून ‘बारा’ हा जणू परवानाच झाला. गट एकजिनसी आणि प्रश्न नेमका असेल तरच, ही त्यांचीच अट मात्र मागे पडली.

ऊसतोडीचेच घ्या. मजूर पुरवणाऱ्या मुकादमाच्या ओळखीने टोळीत गेलात, तर दहावी बाईही उचलीबद्दल, म्हणजे आगाऊ घेतलेल्या पैशांबद्दल, पहिलीसारखेच बोलेल. वहीत नवे काही पडत नाही म्हणून विषय संपला, असे वाटेल. पण मुकादम चार पावलांवर उभा होता, हेही त्याचे कारण असू शकते. नवरा नसल्याने जोडीऐवजी एकटी, ‘अर्धा कोयता’ म्हणून गेलेली, किंवा हंगाम अर्ध्यावर सोडून गावी परतलेली बाई त्या टोळीत भेटेलच असे नाही. तिला शोधल्याशिवाय ‘तेच ते ऐकू येतेय’ या म्हणण्याला माझ्या मते किंमत नाही.

उलट, शोधतच राहणेही योग्य नाही. पहाटे फडात जाऊन संध्याकाळी खोपीपुढे चूल पेटवणाऱ्या बाईकडे आपण तासभर मागतो. पंचविसाव्या बाईला केवळ खात्रीसाठी बसवणे हा तिच्यावर अन्याय आहे.

म्हणून मार्गदर्शकांना आणि समित्यांना विनंती : आराखड्यात आकड्याऐवजी अंदाजे पल्ला मान्य करा, आणि प्रबंधात दोन पाने सक्तीची करा. वेगळे बोलेल असे कोण वाटले, त्याला कुठे शोधले, आणि कोणत्या मुलाखतीनंतर का थांबलो, एवढे त्यांत असावे.