चिंटूला वर्षे मिळाली म्हणून

नागपूरच्या सदरमध्ये असो वा पुण्याच्या सदाशिव पेठेत, वृत्तपत्र हाती पडताच अग्रलेखाआधी हास्यचित्र शोधणारा वाचक सर्वत्र आढळतो. तरीही पाने कमी करण्याची वेळ आली की, याच जागेवर कात्री चालवण्याचा मोह होतो. अमेरिकेतील ‘ली एंटरप्रायझेस’ या वृत्तसमूहाने २०२२ मध्ये आपल्या दैनिकांतील चित्रमालिका कमी केल्या. हिशेबाच्या दृष्टीने असा निर्णय सोपा असतो. पण त्यात काय गमावले जाते, हे आपल्या ‘चिंटू’कडे पाहिले म्हणजे उमगते.

चारुहास पंडित आणि प्रभाकर वाडेकर यांचा ‘चिंटू’ २१ नोव्हेंबर १९९१ रोजी ‘सकाळ’मध्ये अवतरला. राजकीय व्यंगचित्राला रोजची बातमी विषय पुरवते; चिंटूला ती सोय नव्हती. मध्यमवर्गीय घर, आई-पप्पा, जोशीकाकू आणि मिनी, पप्पू, बगळ्या, राजू ही मित्रमंडळी, एवढ्याच भांडवलावर तीन-चार चौकटींत दररोज नवा विनोद घडवायचा होता.

अशा मालिकेतील विनोद पहिल्या दिवशी पुरता कळत नाही. पात्रांचे स्वभाव ओळखीचे झाले की मग नुसत्या मुद्रेनेही हसू फुटते. ही ओळख घडण्यास वर्षे लागतात. चार्ल्स शुल्झ यांची ‘पीनट्स’ १९५० मध्ये अवघ्या सात वृत्तपत्रांतून सुरू झाली. सुमारे ५० वर्षे एकट्याने रेखाटून त्यांनी तिचे १७,८९७ भाग केले. चिंटूही पुस्तकांत गेला आणि २०१२ मध्ये श्रीरंग गोडबोले यांच्या दिग्दर्शनाखाली पडद्यावर आला. १९९१ मध्ये चिंटूच्या वयाचे असलेले वाचक तोवर पालक होण्याच्या वयात पोचले होते. चिंटू मात्र तेवढाच राहिला.

समाजमाध्यमांमुळे आज कोणाही चित्रकाराला वाचक मिळू शकतात, हे खरे. परंतु नियमित मानधन आणि विनोद फसला तरी दुसऱ्या दिवशी राखून ठेवलेली जागा, या दोन्ही गोष्टी वृत्तपत्रच देऊ शकते. तयार परदेशी मालिका छापून पान भरता येईल. पण तिच्यात जोशीकाकू सापडणार नाहीत. मराठी दैनिकांनी नव्या चित्रकाराला ही जागा काही वर्षे निश्चिंतपणे दिली नाही, तर पुढच्या पिढीला तिचा चिंटू भेटणार कुठे?