शब्द सुटतो, नोंद उरते

१५ एप्रिल २०१५ रोजी ख्रिस रॉबर्ट्स हे अमेरिकेतील संगणक-सुरक्षा संशोधक युनायटेड एअरलाइन्सच्या विमानाने निघाले होते. विमानांच्या संगणक प्रणालीतील उणिवा शोधणे हा त्यांच्या अभ्यासाचा विषय. प्रवासातच त्यांनी ट्विटरवर थट्टेने लिहिले, की या विमानातील ऑक्सिजनच्या मुखवट्यांच्या यंत्रणेशी खेळून पाहावे काय? सिरॅक्यूज येथे उतरताच एफबीआयने त्यांची चौकशी केली व त्यांचे संगणक ताब्यात घेतले. काही दिवसांनी त्याच विमान कंपनीने त्यांना प्रवासास मज्जाव केला. वर्षानुवर्षांचा अभ्यास बाजूला पडला आणि चर्चा उरली ती एका ओळीची. आपल्या शास्त्रात भाषासमिती व वचनगुप्ती यांना एवढे महत्त्व का, हे येथे सहज उमगते.

या घटनेची दुसरी बाजू व्यापाऱ्याच्या अधिक जवळची आहे. पेढीची बदनामी करणारा मजकूर कोणी प्रसृत केला, अथवा व्हॉट्सअॅपवर दिलेला सौदा नाकारला, तर पुरावा कसा जपावा?

जालना विधानसभेच्या निवडणूक वादात, अर्जुन पंडितराव खोतकर प्रकरणी, सर्वोच्च न्यायालयाने २०२० मध्ये स्पष्ट केले, की मूळ उपकरण न्यायालयात सादर होत नसेल तर इलेक्ट्रॉनिक नोंदीच्या प्रतीसोबत कायद्याने ठरविलेले प्रमाणपत्र अनिवार्य आहे. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम ६३ मध्येही ही अट कायम असून, प्रमाणपत्रात ‘हॅश’ नमूद करावा लागतो. हॅश म्हणजे फाईलमधील मजकुरावरून गणिताने काढलेली खूण. एक अक्षर बदलले तरी ती बदलते. रोजमेळात एक रक्कम फिरवली की शिल्लक जुळत नाही, तसेच.

म्हणून केवळ स्क्रीनशॉटवर विसंबू नये. मूळ संदेश पुसू नये, तो ज्या फोनमध्ये आला तो फोन विकू अथवा रिकामा करू नये. मजकुराचा पूर्ण दुवा, खात्याचे नाव, दिनांक व वेळ त्याच दिवशी लिहून ठेवावी. समोरचा मजकूर काढून टाकण्याआधीच वकिलाचा सल्ला घ्यावा. संतापाच्या भरात उलट उत्तर तर मुळीच देऊ नये. तेही पुराव्यातच जमा होते.

जुन्या पेढ्यांत चोपड्यातील चुकीची नोंद खोडून टाकीत नसत, तिच्यासाठी दुरुस्तीची वेगळी नोंद करीत. मोबाईलच्या बाबतीतही हीच शिस्त घरातील तरुणांना शिकवावी.